चिठ्ठीत निघालेली जोडी: स्टिंगरे आणि व्होल यांच्या तुलनेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातलं आहे. मी तिथं प्राणिशास्त्र शिकवते. मुलांची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत. चुका मात्र झाल्या तशाच ठेवल्यात, माझ्यासुद्धा.

तिसऱ्या वर्षाला आमच्याकडे तुलनेचा एक छोटा प्रकल्प असतो. तिघांचा गट, दोन डबे, दोन चिठ्ठ्या. एका डब्यात पाण्यातले प्राणी, दुसऱ्यात जमिनीवरचे. जी जोडी निघेल तिच्यावर ५ आठवडे काम करायचं, लेखी अहवाल द्यायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर १५ मिनिटं बोलायचं. खेकडा आणि विंचू अशी जोडी निघाली की मुलं खूश, कारण निम्मं काम पाठ्यपुस्तकात झालेलंच असतं. या गटाला निघाली ‘गोड्या पाण्यातला स्टिंगरे’ आणि ‘माउंटन व्होल’. स्टिंगरे म्हणजे शेपटीवर काटा असलेला चपटा मासा, व्होल म्हणजे उंदरासारखा दिसणारा छोटा कुरतडणारा प्राणी. वर्गात हशा पिकला.

गटातली एक मुलगी मालवणकडच्या मच्छीमार घरातली, वडिलांची स्वतःची होडी. दुसरा आंबा बागायतदाराचा मुलगा, संगणकावर तरबेज आणि आपण तरबेज आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. तिसरी घाटावरून आलेली, माळकरी घरातली. मासा तिनं कधी हातात धरला नव्हता. इथं त्यांना होडीवाली, बागवाला आणि घाटावरची एवढंच म्हणते.

चिठ्ठ्या मी एका रविवारी रात्री घाईघाईत लिहिल्या होत्या. स्टिंगरेपुढं कंसात ‘पाकट’ आणि व्होलपुढं कंसात ‘डोंगरी उंदीर’ असं लिहून मोकळी झाले होते. पुढच्या गोंधळाचं मूळ या दोन कंसांत आहे.

अडचण

दहाव्या दिवशी बागवाला पहिला मसुदा घेऊन आला. २६ ओळींचा तक्ता, डावीकडे स्टिंगरे, उजवीकडे व्होल. वर्ग, कुळ, वजन, रंग, अन्न, श्वसन, प्रजनन, शत्रू, आयुर्मान... एकही रकाना रिकामा नव्हता. दिसायला असा नीटनेटका की बघूनच गुण द्यावेत.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी अडखळले. वस्ती: ॲमेझॉनचं खोरं. वजन: ३०० किलो. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण वेगवेगळ्या माशांच्या. ३०० किलो वजन भरलं होतं ते कंबोडियात, स्टंग ट्रेंग प्रांतात मेकाँग नदीत जून २०२२ मध्ये पकडून, नोंद करून परत सोडलेल्या एका मादीचं. तिची लांबी ३.९८ मीटर. त्याआधी गोड्या पाण्यातल्या सर्वांत मोठ्या माशाचा मान थायलंडमध्ये २००५ साली सापडलेल्या २९३ किलोच्या मेकाँग कॅटफिशकडे होता. तो तिनं घेतला आणि जगभर बातमी झाली. तिची जात युरोजिम्नस पॉलिलेपिस. तिचे जवळचे नातेवाईक समुद्रात राहतात. ॲमेझॉनकडचे गोड्या पाण्यातले स्टिंगरे वेगळ्याच कुळातले, पोटॅमोट्रायगॉनिडी. ते पिढ्यान्‌पिढ्या नदीतच जगतात, समुद्राकडे फिरकत नाहीत. त्यांतला मत्स्यालयवाल्यांचा लाडका मोटोरो परातीएवढा भरला तरी पुष्कळ.

उजव्या बाजूला तोच प्रकार. वस्ती हिमालय, आणि अन्नाच्या ओळीत अमेरिकेतल्या कुरणांचं गवत. हिमालयातले माउंटन व्होल म्हणजे अल्टिकोला या प्रजातीतले. त्यांतला एक रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाचा, कुमाऊँ-गढवाल-हिमाचलकडचा. दुसरा स्टोलिच्का या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाचा, लडाख-तिबेटकडचा. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगराळ कुरणांत राहतो तो मायक्रोटस मोंटॅनस. इंग्रजीत त्यालाही कधी माउंटन, कधी मॉन्टेन व्होल म्हणतात. म्हणजे बागवाल्यानं मेहनत घेऊन ज्या दोन प्राण्यांची तुलना केली होती, ते दोन्ही जगात कुठंच नव्हते.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. चिठ्ठीवर सामान्य नावं मीच लिहिली होती, आणि ‘डोंगरी उंदीर’ या माझ्या कंसामुळं त्यानं आयुर्मान, शत्रू, पिलांची संख्या या ओळी सरळ उंदराच्या माहितीवरून भरल्या होत्या. व्होल दिसतो उंदरासारखाच, जरा गुबगुबीत, आखूड शेपटीचा आणि लहान कानांचा. पण त्याचं कुळ हॅमस्टर आणि लेमिंगचं. घरातला उंदीर आणि घूस वेगळ्या कुळात मोडतात.

मग प्रजननाची ओळ आली: ‘मासा अंडी घालतो, व्होल पिलांना जन्म देतो.’ इतका वेळ गप्प बसलेली होडीवाली म्हणाली, “मॅडम, पाकटाच्या पोटात पिल्लां असतत. मी बघलंय.” बरोबर होतं तिचं. सगळे स्टिंगरे पिलांनाच जन्म देतात. इतकंच काय, आईच्या गर्भाशयाच्या भिंतीवरच्या बारीक झालरींतून दुधासारखा पोषक द्रव पाझरतो आणि पोटातली पिलं त्यावर वाढतात. मी तिला विचारलं, मग हे तक्त्यात का नाही? ती म्हणाली, “माका कोणी इचारूकच नाय.”

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. तक्ता एकानं भरला होता आणि दोघींनी त्यावर नाव घातलं होतं.

समोरचे पर्याय

हातात साडेतीन आठवडे होते. मी तिघांना घेऊन बसले आणि काय काय करता येईल ते फळ्यावर लिहिलं.

चिठ्ठी बदलून घेणं सर्वांत सोपं होतं. बागवाल्याला तेच हवं होतं. पण मग बाकीच्या गटांनीही बदल मागितला असता, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला ही जोडी सोडवत नव्हती.

तक्ता ठेवून त्यातल्या चुका दुरुस्त करणं हा दुसरा रस्ता. दोन दिवसांचं काम. पण दुरुस्त झालेला तक्ता तरी काय सांगणार? एकाला कल्ले आहेत, दुसऱ्याला फुप्फुसं. एक पोहतो, एक बिळं करतो. हे सांगायला पाच आठवडे कशाला लागतात?

तिसरा रस्ता शास्त्राच्या दृष्टीनं सर्वांत भक्कम होता: लांबची जोडी सोडून जवळची धरायची. मोंटॅनस व्होलवरचं गाजलेलं काम याच पद्धतीचं आहे. त्याचा सख्खा नातेवाईक प्रेअरी व्होल जोडीदाराला धरून राहतो, मोंटॅनस राहत नाही. अंगानं दोघं जवळपास सारखे, म्हणून १९९० नंतर संशोधकांनी दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांची ग्राहक-स्थळं, म्हणजे ती जिथं जाऊन बसतात त्या जागा, कुठं कुठं आहेत ते ताडून पाहिलं, आणि फरक तिथं सापडला. बाकी सगळं सारखं असलं की उरलेला फरक बोलतो. तसंच मोटोरोच्या जोडीला समुद्रातलं पाकट घेता आलं असतं. पण प्रकल्पाची अट एक पाण्यातला आणि एक जमिनीवरचा अशी होती.

चौथा पर्याय घाटावरचीनं सुचवला, तोही प्रश्नाच्या रूपात: “मॅडम, सगळ्याची तुलना करायलाच पाहिजे काय? एकाच गोष्टीची केली तर?”

आम्ही तो घेतला. तिसऱ्यातला थोडा भागही उसना घेतला: समुद्रातलं पाकट साक्षीदार म्हणून बोलवायचं, मुख्य जोडीत नाही.

कुठला प्राणी आणि कुठला प्रश्न

प्राणी ठरवायला एक दुपार गेली. स्टिंगरेबद्दल वाद नव्हता, मोटोरो, कारण त्याच्यावर वाचायला भरपूर होतं. व्होलवर मात्र भांडण झालं. बागवाल्याला हिमालयातला हवा होता, “आपला आहे” म्हणून. मला त्याची भावना कळली. पण अल्टिकोलाच्या खाण्यापिण्यावर आमच्या हाताशी येईल असं साहित्य तुटपुंजं होतं, आणि मोंटॅनसवर ढीगभर. आपला म्हणून घेतला असता तर रकाने पुन्हा अंदाजानंच भरले गेले असते. शेवटी अमेरिकेतलाच घेतला. बागवाला दोन दिवस फुरंगटून होता.

प्रश्न ठरवणं त्याहून अवघड. तीन उमेदवार होते.

पहिला मिठाचा आणि पाण्याचा. हा होडीवालीच्या स्वयंपाकघरातून आला. मी वर्गात सांगत होते की समुद्रातले शार्क आणि पाकटं रक्तात युरिया साठवून ठेवतात, त्यामुळं खारं पाणी त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेऊ शकत नाही. ती म्हणाली, “म्हणान मोरी शिळी झाली की नाकात जाता?” अगदी तेच. मोरी म्हणजे शार्क. तिच्या मांसातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि नवसागरासारखा झणका सुटतो. म्हणून तर मोरी त्याच दिवशी शिजवायची असते. नदीतल्या मोटोरोच्या कुळानं मात्र हा साठा सोडून दिला आहे. १९६७ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा अशा कुळात इतका कमी युरिया ही नवलाची गोष्ट होती. प्रश्न सुंदर होता. वर्गाला तोच आवडला, मलाही.

दुसरा पिलांचा: पोटात दूध पाजणारा मासा आणि पोटाबाहेर दूध पाजणारा सस्तन.

तिसरा चावण्याचा, म्हणजे घास दातांखाली बारीक करण्याचा.

इथं मी एक कसोटी लावली. ती आधीपासून माझ्याकडे होती असं नाही, त्या दुपारी वैतागून सुचली. व्होलच्या जागी गाय ठेवा. उत्तर बदलतं का? नसेल बदलत तर तो प्रश्न व्होलचा नाही, कुठल्याही सस्तन प्राण्याचा आहे. युरियाचा प्रश्न इथं गळाला. गायही यकृतात युरिया तयार करून मूत्रावाटे टाकते, व्होलही टाकतो; व्होलला स्वतःचं असं काही सांगायचंच नव्हतं. पिलांचा प्रश्नही अर्धामुर्धा गळाला. गर्भ, वार, दूध हे गायीलाही आहेच.

चावणं मात्र टिकलं. गायीच्या दाढा उंच असतात, पण त्यांना मुळं असतात, वाढ कधीतरी थांबते. मोंटॅनसच्या दाढांना मुळं फुटतच नाहीत. त्या जन्मभर वाढत राहतात. मग गायीच्या जागी उंदीर ठेवून पाहिला. पुढचे पटाशीचे दात सगळ्याच कृंतकांचे, म्हणजे उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचे, आयुष्यभर वाढतात, म्हणजे ते बाद. पण उंदराच्या दाढांना मुळं असतात. दाढा टिकल्या.

स्टिंगरेच्या बाजूलाही बळकट पुरावा होता. चावणं ही सस्तन प्राण्यांची खासियत मानली जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोटोरोचं खाणं अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं गेलं. कीटक फाडताना त्याचा जबडा डावी-उजवीकडे असमान हलत होता. सरळ शब्दांत, तो चावत होता.

युरिया सोडताना होडीवाली नाराज झाली. तिची स्वतःची गोष्ट हातातून गेली होती. मी तिला ती प्रस्तावनेत एक परिच्छेदभर ठेव म्हटलं. आज वाटतं ते चुकलं. पाहुण्यासारखा तो परिच्छेद अहवालात अवघडून बसला होता. ठेवायचा तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही.

काय काय केलं

होडीवालीच्या वडिलांनी पाकटाचं डोकं पाठवलं. त्याआधी मी एक खबरदारी घेतली, आणि ती प्रत्येक शिक्षकानं घ्यावी: पाकटांच्या काही जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पाठीवर काटेच काटे असलेलं पाकट त्यांपैकी एक. आम्हाला हवं होतं बाजारात रोज येणारं साधं पाकट, तेही विक्रीसाठी आधीच आलेलं. प्रकल्पासाठी मासा मारायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

पहिला जबडा वाया गेला. साफ करून गच्चीवर उन्हात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत जुन्या चपलेसारखा वाकडा झाला. पाकटाला हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा. पाणी उडालं की आक्रसतो. शिवाय त्यातले दात टोकदार दिसत होते, पुस्तकात तर चपटे लिहिलेले. तिघं गोंधळली. काही स्टिंगरेंमध्ये नराच्या दातांना टोकं येतात, मिलनाच्या वेळी मादीला धरायला. हा नर होता का? सांगता येईना, कारण नराची खूण शेपटीच्या बुंध्याशी असते आणि आमच्याकडे नुसतं डोकं होतं.

पुढच्या आठवड्यात अख्खं पाकट आलं, मादी. काटा वडिलांनी आधीच मोडून दिला होता. या वेळी जबडा सावलीत, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून वाळवला. दात चपटे, फरशीसारखे ओळीनं बसवलेले, आणि मागं नव्या दातांच्या ओळी तयार. सोलताना घाटावरचीच्या लक्षात आलं की वरचा जबडा कवटीला चिकटलेलाच नाही, नुसता टांगलेला आहे. बोटानं ढकलला की पुढं सरकतो, तिरका होतो. ज्या मुलीनं तोवर मासा हातात धरला नव्हता, ती पाऊण तास तो जबडा हलवत बसली होती.

व्होल कुठून आणायचा? मिळणं शक्य नव्हतं. गावाबाहेरच्या जुन्या गोदामात गव्हाणी घुबड राहतं. ते न पचलेली हाडं आणि केस गोळ्या करून ओकून टाकतं. मास्क आणि हातमोजे घालून त्या गोळ्या गोळा केल्या, जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवल्या, चिमट्यानं सोडवल्या. उंदराच्या ६ कवट्या मिळाल्या. नारिंगी पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा, एकूण १६ दात. व्होललाही १६च. पण उंदराच्या दाढेवर गोलसर उंचवटे असतात, व्होलच्या दाढेवर त्रिकोणांची नागमोडी रांग. ती आम्ही चित्रांवरूनच समजून घेतली. उंदीर हा व्होलचा बदली खेळाडू नव्हे, हे मी तिघांना दर दोन दिवसांनी सांगत होते.

बागवाल्यानं जिवंत मोटोरो पाहायचा हट्ट धरला. एका रविवारी तो आणि होडीवाली शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात गेले. विकत घ्यायचा नाही, फक्त बघायचा. तासभर थांबूनही काही दिसेना, कारण त्याचं तोंड पोटाच्या बाजूला. तो खाण्यावर जाऊन बसतो आणि पाहणाऱ्याला वरून फक्त पाठ दिसते. दुकानदार म्हणाला, थांबा जरा, भुकेला असला की काचेवर चढतो. चढला. मग दोघांनी फोनवर ४० सेकंदांचं चित्रण केलं. त्यात चावणं ओळखू येत नाही, वेग फार असतो. पण आणखी एक गोष्ट दिसली जी त्या अभ्यासातही आहे: कोळंबी टाकली की मोटोरो तोंड पुढं नेत नाही, कल्ल्यांपुढचे रुंद पर झटक्यानं उचलतो आणि अन्न अंगाखाली ओढून घेतो. पकडायचं काम परांचं. जबडा मोकळा राहतो, चावायला.

काय निष्पन्न झालं

अहवालाचा गाभा दोन पानांचा झाला, आणि तो तिघांचा मिळून होता.

नदीतल्या स्टिंगरेसमोर अशी एक अडचण आली जी समुद्रात जवळजवळ नव्हती: कीटक. समुद्रात कीटक नसल्यातच जमा, नदीत मात्र त्यांच्या अळ्यांचा सुकाळ. कीटकाचं कवच ठिसूळ नसतं, चिवट असतं. बागवाल्यानं उपमा दिली ती मला फार आवडली: सुपारी अडकित्त्यात फुटते, उसाचं चिपाड दाबून फुटत नाही, ते फाडावं लागतं. व्होलसमोरचं गवतही चिपाडाच्याच जातीचं, वर त्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच सगा. दात झिजणारच.

दोघांची अडचण सारखी, उपाय उलटे. सीटी स्कॅनमध्ये मोटोरोचे दात साधेच दिसले. त्याची करामत जबड्याच्या हालचालीत आहे. व्होलचा जबडा चघळताना मुख्यतः मागं-पुढं सरकतो, सरळ. त्याची करामत दाढेच्या नक्षीत आहे. झिजण्यावरचे उपायही वेगळे. घाटावरचीनं तिथं आजीचं जातं आणलं. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून खरखरीत करावं लागतं. व्होलच्या दाढेत कठीण एनॅमल आणि मऊ डेंटिन शेजारी शेजारी असतात. मऊ आधी झिजतं, कठीणाच्या कडा वर राहतात. त्याचं जातं दळता दळताच स्वतःला टाकी लावून घेतं, आणि खालून वाढत राहतं. स्टिंगरे जातं दुरुस्त करत नाही, झिजलं की टाकून देतो. मागं नवं तयार असतं.

व्होलच्या बाजूची एक पुस्ती मी आग्रहानं घालायला लावली. त्याचं गवताशी नातं दातांपुरतं नाही. १९८१ साली दाखवलं गेलं की कोवळ्या गवतातलं ६-एमबीओए हे रसायन पोटात गेलं की मोंटॅनसची वीण सुरू होते. कुरण हिरवं झाल्याची वर्दी त्याला घासातूनच मिळते. तीन आठवड्यांत पिलं. मोटोरोची पिलं काही महिने पोटातच असतात.

सादरीकरण चांगलं झालं, गुण कमी पडले. परीक्षकांनी विचारलं, दोघांचं नातं किती लांबचं? होडीवालीनं उत्तर दिलं: सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी कूर्चेचे मासे एका वाटेनं गेले आणि हाडांचे दुसऱ्या, रोहू हाडांच्या वाटेवरचा, आणि आपण व व्होल त्याच वाटेवर पुढं. म्हणून रोहू हा स्टिंगरेपेक्षा व्होलला जवळचा. परीक्षक क्षणभर थांबले आणि हसले. मग त्यांनी पहिल्याच स्लाइडवर बोट ठेवलं: ‘सस्तन प्राण्यांसारखा चावणारा मासा’. सारखा कसा? काम सारखं, यंत्र वेगळं, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. मथळा बागवाल्याचा होता, पण मी तो दोनदा वाचून पुढं गेले होते.

गुणांच्या तक्त्यात एक ओळ होती: ‘फरकांची संख्या, किमान १५: १० गुण’. या गटानं एक साम्य आणि तीन फरक मांडले होते. त्यांना १० पैकी ४ मिळाले. २० ओळींचा तक्ता लावणाऱ्या दुसऱ्या गटाला १०. बागवाला माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, मॅडम, माझा पहिला तक्ता २६ ओळींचा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच गोष्टीची तुलना करा असं सांगताना मी गुणांचा तक्ता उघडून पाहिलाच नव्हता.

पुन्हा करायचं तर

गुणांच्या तक्त्यातली ती ओळ आता नाही. तिच्या जागी ‘प्रश्न कुठला आणि तोच का’ अशी ओळ आहे. विभागाच्या बैठकीत ती मंजूर करून घ्यायला तासभर गेला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की फरक मोजता येतात, प्रश्नाचं मोल मोजता येत नाही. ते चूक नाहीत. तपासणं अवघड झालं आहे खरं.

पहिला मसुदा आता दहाव्या दिवशी मागत नाही. तिसऱ्या दिवशी तिघांना समोर बसवून एकच विचारते: या प्राण्याला, किंवा त्याच्या एखाद्या नातेवाइकाला, तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलंय? होडीवालीला हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर प्रजननाची ओळ कधी चुकली नसती, आणि पहिले दहा दिवस ती गप्प बसली नसती.

एक गोष्ट सुटलेली नाही. पाकट आमच्या हातात होतं आणि व्होल कागदावर. अहवालात स्टिंगरेचा भाग जिवंत उतरला, व्होलचा वाचीव. जोडी अशी एकतर्फी असेल तर ती डब्यात ठेवावी का, यावर माझं मत दर सहामाहीला बदलतं. सध्या ठेवली आहे.

नव्या चिठ्ठ्यांवर कंस नाहीत. शास्त्रीय नावं लिहिली आहेत, देवनागरीत. होडीवालीनं वाळवलेला तो दुसरा जबडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, टाचण्यांसकट. खाली तिच्या अक्षरात लिहिलंय: ‘पाकट, मादी, समुद्रातलं. मोटोरो नव्हे.’